नळीतला पीळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मी इथे नेमके काय करतो, हे घरी सांगताना दर वेळी पंचाईत होते. इतिहास शिकतो असे सांगितले की आबा "बरं" म्हणतात आणि गप्प बसतात. एन.सी.सी.त आहे म्हटले की मात्र त्यांचा चेहरा खुलतो. पारोळा तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू गावात खाकीला अजून मान आहे. खाकीमागे भरती आणि भरतीमागे पगार, हा हिशेब तिथे कोणाला शिकवावा लागत नाही.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात धुळ्याजवळच्या कॅम्पमध्ये फायरिंगच्या टीमसाठी निवड झाली नाही, तेव्हा ती गोष्ट मी घरी दोन महिने लपवून ठेवली.

पंचवीस मीटरवर टार्गेट, पॉइंट टू टू रायफल आणि पाच गोळ्या. टार्गेट जवळ आणले तेव्हा कागदावर तीन भोके गोल होती आणि दोन लांबट; जणू कोणी किल्ली आडवी करून कागदात खुपसली होती. माझ्या नावापुढे फुली पडली. रांगेतला एक सायन्सचा मित्र म्हणाला, "आर्टसवाल्याची गोळीसुद्धा आडवी चालते!" सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री तंबूत झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रायफली साफ करताना मी तो कागद उस्तादांना दाखवला. त्यांनी त्या लांबट भोकावर बोट ठेवले आणि म्हणाले, "ये दो तेरी गलती नहीं. नाल घिस गयी है." मला हायसे वाटते न वाटते तोच पुढे म्हणाले, "बाकी तीन तेरी गलती है."

मग त्यांनी मला एक गंमत दाखवली. सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावली, गजावर खडूने खूण केली आणि तो चांगल्या रायफलीच्या नळीतून सावकाश आत ढकलला. गज आपोआप फिरू लागला! आतल्या पिळाच्या खाचा चिंधीला धरून गज फिरवत होत्या. खूण एक पूर्ण फेरा करून वर आली तेव्हा गज किती आत गेला ते मी वितीने मोजले. दोन वितींना दोन बोटे कमी, म्हणजे सुमारे १६ इंच. झिजलेल्या रायफलीत तोच गज मध्येच सैल पडला आणि न फिरताच सरळ घसरला. खाचांनी गोळीला धरलेच नाही, गोळी पुरेशी फिरली नाही, म्हणून ती हवेत कलंडली आणि कागदावर आडवी आदळली.

पण गोळीला फिरावे तरी का लागते? ज्वारीच्या दिवसांत आबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवीत. त्यांचा गुंडा शिवाराच्या टोकापर्यंत सरळ जाई. त्याला ना नळी, ना पीळ. सुट्टीत गावी गेल्यावर मी त्यांना हे विचारले. ते क्षणभरही थांबले नाहीत. "गोल दगडले तोंड कोठे शे?" म्हणाले. खरेच! गोल गुंड्याला पुढचे-मागचे काही नसते, तो कसाही गेला तरी सारखाच. तोंड असते ते लांबट वस्तूला. हवा तिचे तोंड वर उचलून तिला उलटवू पाहते. सातपुड्यातला भिल्ल बाणाच्या शेपटाला पिसे बांधतो ती याचसाठी. गोळीला पिसे बांधता येत नाहीत, म्हणून तिला भोवऱ्यासारखे गरगरा फिरवायचे. फिरता भोवरा पडत नाही.

माझे मामा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. १९६४ साली सुरू झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. तिथे ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसे होतात. मामांनी इतकी वर्षे तिथल्या कामाविषयी घरात चकार शब्द काढला नाही. मामी विचारायची तेव्हा म्हणत, "पितळ घासतो." मी कागद पुढे ठेवला तर प्रथम त्यांनी दाराकडे पाहिले. मग म्हणाले, "जे पुस्तकात छापून आलंय तेवढंच सांगतो हं, भाच्या." आणि ग्रीनहिलचे नाव सांगितले.

जॉर्ज ग्रीनहिल हे इंग्लंडात वूलविच येथे तोफखान्याच्या महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८७९ साली त्यांनी एक सोपा आडाखा बांधून दिला. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते काढा आणि १५० ला त्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल, तितके व्यास पुढे जाताना गोळीचा एक फेरा व्हायला हवा. वेग फार असेल तर १५० ऐवजी १८० धरतात. दहावीनंतर मी गणिताला रामराम ठोकला होता, तरी हे जमले. आमच्या पॉइंट टू टूची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. (ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणाच, शेतकऱ्याच्या पोराला हे वजन परके वाटले नाही.) तिची लांबी व्यासाच्या दुपटीहून किंचित जास्त. भागाकार केला, इंच काढले, आणि उत्तर आले सोळाच्या आसपास! माझ्या वितीने मोजलेले उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका प्राध्यापकाशी जुळले. या आनंदाची तुलना मी कोणत्याही पेपरातल्या गुणांशी करणार नाही.

मग मला चटकच लागली. अमेरिकन सैन्याची एम-१६ रायफल सुरुवातीला १४ इंचांना एक फेरा अशी होती. उत्तर ध्रुवाकडच्या कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते. तिथे ५५ ग्रेनची गोळी डगमगू लागली, म्हणून १९६३ मध्ये पीळ १२ इंचांवर आणला. (आमच्या भुसावळच्या मे महिन्यातल्या विरळ हवेत बहुधा तीच गोळी सरळ गेली असती!) पुढे ६२ ग्रेनची लांब गोळी आली आणि तिच्याहूनही लांब, जळत जाणारी ट्रेसर आली. ती जुन्या पिळात टिकेना, म्हणून १९८० च्या दशकात पीळ ७ इंचांवर आला. म्हणजे गोळी नळीतून निघताना सेकंदाला पाच हजारांवर फेरे! गोळी चांगली, नळीही चांगली, पण एकमेकींना न मिळणाऱ्या.

१८५७ च्या काडतुसांवर आपण सगळेच टिपा लिहितो. त्या एनफील्ड रायफलीचा पीळ ७८ इंचांना एक फेरा इतका सैल होता, हे मात्र मला कोणत्याच पाठ्यपुस्तकात सापडले नाही. त्याच सुमारास व्हिटवर्थ या कारागिराने बारीक नळी, लांब गोळी आणि २० इंचांचा पीळ अशी जोडी जमवली. ती एनफील्डच्या कितीतरी पुढे मारा करी. आजही दीड-दोन किलोमीटरवर नेम धरणारे तेच करतात. लांब, निमुळती गोळी हवा सहज कापते आणि वेग टिकवते, पण तिला पीळ घट्ट लागतो. .३३८ या मापात साधारण १० इंचांचा पीळ चालतो; ३०० ग्रेनची लांबलचक गोळी घेतली की लोक ९ किंवा त्याहून घट्ट नळी मागतात. कारण इतक्या दूर जाताना गोळीचा वेग आवाजाच्या वेगाखाली उतरतो, आणि उतरताना तिला हिसके बसतात. जवळच्या टार्गेटवर जे खपून जाते ते तिथे उघडे पडते. मग हवा तितका घट्ट पीळ का देऊ नये? तर मामा म्हणाले, गोळीत केसभर जरी खोट असली तरी जास्त फिरवल्याने ती वाढते, आणि पातळ कवचाची गोळी हवेतच फुटू शकते.

हे सगळे मी आबांना सांगितले तेव्हा ते ओट्यावर अंबाडीची दोरी वळत होते. निवड न झाल्याचेही त्याच ओघात सांगून टाकले. ते काही बोलले नाहीत. हातातली जाड दोरी आणि शेजारची बारीक सुतळी त्यांनी माझ्यापुढे धरली. बारीक सुतळीचा पीळ कितीतरी घट्ट होता. मग पुन्हा वळत बसले.

यंदाची निवड पुढच्या महिन्यात आहे. ती झिजलेली रायफल अजून रांगेत असली तर चिंधी ढकलताना हाताला कळेलच. बाकीच्या तीन गोळ्यांसाठी मात्र रोज पहाटे होस्टेलच्या गच्चीवर पालथा पडून श्वास धरायचा सराव करतो आहे.