सुईचे सासर

माणसाने बँकेत वीस वर्षे काढली की त्याची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा बसते. आकडा जुळला, की काम संपले! हीच श्रद्धा घेऊन मी अण्णांच्या येझ्दीचा कार्बुरेटर उघडायला बसलो आणि तिथून माझी फजिती सुरू झाली.

येझ्दी १९८५ ची. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी, पण घरात मान थोरलीचा. आई होती तोवर अण्णा तिला मागे बसवून दिवेघाटातून सासवडला, मामाकडे नेत. आई गेली, गाडी जिन्याखाली गेली आणि अण्णा आरामखुर्चीत. परवाच्या दिवाळीत मात्र ते एकदम म्हणाले, "एकदा घाट चढून यायला हवं." चालवणार अर्थातच मी. अण्णांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली आहेत.

गाडी सुरू झाली, पण धूर सोडी, प्लगवर काजळी धरी आणि मध्येच अडखळे. मिस्त्रींनी निदान केले, "सुई गेलीय."

ज्यांना ही सुई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचा संसार लावून देणारे भांडे. अॅक्सिलरेटर जेमतेम फिरवला तर पेट्रोल पायलट जेटमधून येते, पूर्ण पिळला तर मेन जेटच्या मापाने. मधल्या सगळ्या आयुष्याचा कारभार मात्र एका निमुळत्या सुईकडे. ती नीडल जेटच्या भोकात वरखाली होते. जितकी वर, तितकी फट मोठी आणि तितके पेट्रोल जास्त. आमची गाडी सुरुवातीला ठीक, शेवटीही ठीक, फक्त मध्यावर रखडायची. चाळिशीतल्या वाचकांना ही तक्रार समजावून सांगायला नको.

आता सुई आणायची कुठून? म्हैसूरचा येझ्दीचा कारखाना १९९६ मध्येच बंद झाला. २०२२ मध्ये येझ्दी हे नाव बाजारात परत आले, पण या नव्या गाडीला फ्युएल इंजेक्शन, कार्बुरेटरच नाही. तिथे सुई मागणे म्हणजे पोस्टात जाऊन कबूतर मागणे. शेवटी एका दुकानदाराने पुडी पुढे केली. "घ्या साहेब, सगळ्याला चालते!" हे वाक्य लग्न जमवणाऱ्यांच्या तोंडून ऐकूनही मी शहाणा झालो नव्हतो.

सुई बसवली. धूर तसाच. मग कळले की सुई घासून घासून जेटचे भोकही लांबट झाले होते. तेव्हा पुन्हा त्याच दुकानात जाऊन दुसऱ्याच जातीच्या कार्बुरेटरचा नीडल जेट आणला. आटे बसले! मेन जेटही नवा घेतला. जुन्यावर ९५, नव्यावरही ९५. मी मनातल्या मनात खतावणी मिटली.

पण आकड्यालाही गोत्र असते, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत. कुणी जेटवर भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात छापतो, तर कुणी एका मिनिटात किती सीसी पेट्रोल वाहते ते छापतो. पहिल्या हिशेबात आकडा दुप्पट झाला की भोक चौपट, दुसऱ्यात आकडा दुप्पट तर पेट्रोलही दुप्पटच. एक चक्रवाढ, दुसरे सरळव्याज. आणि मी दोन्ही खाती एकत्र टॅली केली होती.

गाडी मात्र सुसाट सुटली. धूर नाही, अडखळणे नाही. मी छाती फुगवून मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिनाजवळ हात नेऊन झटक्यात मागे घेतला आणि प्लग काढला. खडूसारखा पांढरा!

"साहेब, टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. अजून जरा ताणली असतीत, तर पिस्टन धरला असता."

घरी येऊन अण्णांपुढे गुन्हा कबूल केला. ते रागावले नाहीत.

"अरे, सुई आणि जेट एकमेकांवर घासूनच झिजतात. बदलायची तर जोडी बदलावी. एकट्याला नवीन घरात नाही जमत."

असे म्हणून ते उगाच चष्मा पुसू लागले. मीही उगाच जेट पुसत बसलो.

मग एका रविवारी जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या एका येझ्दीचा अख्खा कार्बुरेटर सापडला. सुई-जेट त्याचीच, फारशी न झिजलेली. मिस्त्रींनी सुईची क्लिप एक खाच इकडे, एक खाच तिकडे करत बसवली. चार किलोमीटरनंतर प्लग काढला, तर रंग दुधाच्या कॉफीचा. मिस्त्री म्हणाले, "आता न्या अण्णांना."

घाट जवळजवळ सगळा अर्ध्या अॅक्सिलरेटरवर, म्हणजे सुईच्याच भरवशावर चढलो. गाडी एकदाही अडखळली नाही. अण्णा मागे, आई बसायची त्या जागेवर. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. वर पोचेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. गाडी थांबल्यावर खाली उतरले, दरीकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले,

"गियर फार उशिरा बदलतोस."

माझ्या प्रमोशनबद्दलही त्यांचे हेच मत आहे.