कडता

माझे अब्बा उमरग्याच्या बाजार समितीत मापाडी होते. तूर, हरभरा, उडीद, पुढे पुढे सोयाबीन. काट्यावर पोतं चढलं की आकडा मोठ्याने म्हणायचे आणि हिशेब लिहिताना त्यातून कडता वजा करायचे. ज्यांनी आडत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, कडता म्हणजे बारदानाचं वजन. काट्यावर माल आणि पोतं दोन्ही चढतात, पण पैसे मालाचेच द्यायचे असतात. या कडत्यावरून शेतकरी आणि आडत्या यांची कायम तंडातंडी. अब्बा म्हणायचे, "काटा झूट नहीं बोलता, पर पूरा भी नहीं बोलता."

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अब्बा गेले. जनाज्याला मोजकी माणसं. अम्मी इद्दतीत बसली. माझं माहेर आणि सासर दोन्ही उमरग्यातच, तेव्हा दोन्ही घरांचं मीच पाहिलं. त्या दिवसांत मी रडले नाही, हे सगळे कौतुकाने सांगत. इद्दत संपत आली तशी माझी भूक गेली. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राही. पहाटे तीनला जाग येई आणि फजरच्या अजानपर्यंत छताकडे बघत पडायचं. ५४ किलोची मी दिवाळीपर्यंत ४६ वर आले.

बायका म्हणाल्या, बाप का गम है, उतर जाएगा. मला मात्र माझी सास्तूरची फुफू आठवत होती. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आता लोहाऱ्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात फुफूची दोन लेकरं भिंतीखाली गेली. ती वाचली, आणि मग वाळत गेली. पत्र्याच्या शेडमध्ये ताटातलं अर्धं कोंबड्यांना टाकायची. तिला गुलबर्ग्याला बंदेनवाजांच्या दर्ग्यावर नेलं, ताईत बांधले, हकिमाचं माजून दिलं. कुणी हयगय केली असं मी म्हणणार नाही, ज्याला जे ठाऊक होतं ते त्याने केलं. पण मनाच्या या आजारावर गोळ्या निघून तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती, आणि त्यातली एकही तिच्यापर्यंत पोचली नाही. तीन वर्षांनी ती गेली तेव्हा उचलायला दोन बाया पुरल्या.

म्हणून मी आमच्या ह्यांना सांगितलं, मला सोलापूरला घेऊन चला. हैदराबाद रस्त्याने शंभरेक किलोमीटर. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, नैराश्य म्हणाले आणि रात्रीची एक गोळी लिहून दिली, मिर्टाझापीन. झोप येईल, भूक लागेल, म्हणाले. भूक किती लागेल ते बोलले नाहीत.

तिसऱ्या रात्री मी सलग सात तास झोपले. दोन आठवड्यांत भाकरीला चव आली. महिन्याभरात मी अब्बांसाठी पहिल्यांदा पोटभर रडले. या गोळीचे माझ्यावर उपकार आहेत, ते आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी आपली गोळी डब्यात टाकू नये.

भूक मात्र थांबेना. रात्री गोळी घेतल्यावर तासाभरात हात गुळाच्या डब्याकडे जायचा. पोट भरलेलं असायचं, तरी जिभेला गोडच हवं. रमजानमध्ये गोळी इफ्तारनंतरची असल्यामुळे रोज्याला अडचण आली नाही, पण सहरीला मी चार माणसांचं खायची. (ज्यांची गोळी सकाळची किंवा दिवसातून दोनदाची असते त्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून वेळा बदलून घ्याव्यात. रोज्यासाठी औषध आपणच बंद करणारे मी आमच्या मोहल्ल्यात तिघे पाहिले.) चौदा महिन्यांत मी ६३ किलोवर गेले.

आपल्यात बाईचं अंग हे घराचं जाहीर पत्रक असतं. बाई वाळली तर सासरचे छळतात, सुटली तर सुखात आहे. एका वलीम्यात जेठानीची बहीण म्हणाली, "माशाअल्ला, अब तो खाते-पीते घर की दिखने लगी." दुसरी हळूच म्हणाली, बाप की जायदाद मिली क्या? अब्बांची जायदाद म्हणजे एक सायकल आणि दोन खोल्या. मी हसले. सांगणार काय, की हे सुख नाही, हे औषध आहे? तेवढं सांगितलं तर आजारही सांगावा लागतो, आणि मग उद्या माझ्या लेकीच्या रिश्त्याला तो आडवा येतो. बुरखा आहे ते एक बरं, चार किलो तोच झाकतो.

ही भूक येते कुठून, ते मी नंतर विचारून, वाचून समजून घेतलं. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते हे आपल्याला माहीत असतं. त्या शरीरातल्या हिस्टामिन नावाच्या रसायनाची वाट अडवतात. मिर्टाझापीनही तीच वाट अडवतं, त्याने झोप येते आणि भूकही सुटते. शिवाय पोट भरल्याची वर्दी देणाऱ्या सेरोटोनिनच्या एका दारालाही ते कडी घालतं. अ‍ॅमिट्रिप्टिलीन या जुन्या, स्वस्त गोळीचंही असंच, आणि ती डोकेदुखीला, नसांच्या दुखण्यालाही देतात, म्हणजे घेणाऱ्याला ती मनाचीही गोळी आहे याचा पत्ता नसतो. उलट फ्लुओक्सेटीनने सुरुवातीला भूक थोडी कमीच होते. पॅरोक्सेटीनने वजन वाढण्याकडे कल, ब्युप्रोपिऑनने बहुधा वाढत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ३ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास छापून आला. अशी औषधं घेणाऱ्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढण्याचा संभव न घेणाऱ्यांपेक्षा २१ टक्के जास्त दिसला, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सर्वांत जास्त. अमेरिकेतल्या १ लाख ८३ हजार लोकांच्या २०२४ च्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर गोळी-गोळीतला सरासरी फरक एका किलोच्याही आत निघाला. सरासरी ऐकून डॉक्टर निर्धास्त होतात. पण सरासरी हे शंभर पोत्यांचं असतं, आणि काट्यावर एक पोतं चढलेलं असतं.

गंमत अशी की मनाच्या औषधांचा जन्मच वाढत्या वजनातून झाला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनायझिड नावाचं औषध देऊन पाहिलं. खंगलेले रोगी खाऊ लागले, वजन वाढलं, आणि वॉर्डात नाचू लागले. क्षयात वजन वाढणं म्हणजे खुशखबर. तेच औषध १९५७ पासून उदास माणसांना देऊ लागले. पुढे यकृताला इजा होते म्हणून अमेरिकेत १९६१ मध्ये ते बंद झालं. तिथे जी खुशखबर होती तीच इथे तक्रार झाली. त्या नाचणाऱ्यांत माझी फुफू असती तर, असं मला वाटून जातं.

एका रात्री मी वहीत हिशेब मांडला. ४६ वरून ६३, म्हणजे १७ किलो वाढले. पण त्यातले ८ माझेच होते, गमाने नेलेले, ते परत आले. वाढ खरी ९ ची. लोक १७ मोजत होते, आणि आरशापुढे मीही १७ च मोजत होते. ८ किलोचा कडता कापल्यावर मला ते ९ डॉक्टरांपुढे ठेवण्याची हिंमत आली. मी म्हटलं, गोळी सोडायची नाही, पण हे वजनही नको. त्यांनी वजन, कमर, साखर लिहून घेतली आणि काही आठवड्यांत, जुनी उतरवत नवी चढवत, सर्ट्रालीन चालू केलं. हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला काय हरकत होती? काटा तर त्यांच्या टेबलाशेजारीच होता.

आमच्या गल्लीतली एक सून माझ्याइतकी नशीबवान नव्हती. बाळंतपणानंतर तिला गोळ्या लागल्या, ती सावरली, आणि वर्षभरात अंगाने भरली. नवरा मोबाइलमधले लग्नाचे फोटो काढून दाखवायचा. एके दिवशी तिने गोळ्या एकदम बंद केल्या. आठवड्यात चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, आणि दीड महिन्यात ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. सासू म्हणाली, असर है. गोळी अचानक तोडली की असं होतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. लेकराला घेऊन ती माहेरी गेली. चार महिन्यांनी नव्या गोळीवर परत आली.

आजही काहीजण म्हणतात, ईमान पक्कं असलं की अशा गोळ्या लागत नाहीत. बुखारी शरीफमध्ये तलबीनाचा उल्लेख आहे. जवाच्या पिठाची पातळ खीर. घरात मौत झाली की हजरत आयेशा ती शिजवायला सांगत, दुःखी दिलाला तिने आराम पडतो म्हणून. दुःखाला काहीतरी खाऊ घालावं लागतं, हे आपल्याकडे इतकं जुनं आहे. अम्मीने माझ्यासाठी ती केली होती, ४६ किलोच्या दिवसांत. तेव्हा ती घशाखाली उतरली नाही. गोळी लागू पडल्यावर उतरली.

आता मी ५९ वर आहे. फजरनंतर आम्ही तिघी रस्त्याने चालायला जातो. पहिल्या आठवड्यात दूधवाल्यापासून मौलवीसाहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारलं, इत्ती सुबह कहाँ? "वजन करने," म्हणून आम्ही पुढे जायचो. गल्लीतली ती सून दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी आली नाही, तेव्हा वाटलं घरून मनाई झाली. चौथ्या दिवशी तिच्यासोबत सासूही आली, गुडघ्यावर हात ठेवून, पूर्ण रस्ताभर कुरकुरत.