उन्हाचा सांगावा

मार्च उजाडला की नाशिकला पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर जुनेरं अंथरली जातात आणि त्यांवर कुरडया पडतात. आई राखणीला बसते, छत्री उघडून. परवा तिचं रक्त तपासलं तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी निघालं आणि डॉक्टरांनी 60,000 युनिटच्या कॅप्सूल लिहून दिल्या, आठवड्याला एक. जन्मभर वाळवणं घातलेल्या बाईला ऊन कमी पडलं, हे मला काही केल्या पटेना. मग वाचत गेलो.

तान्ह्याला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची आपली रीत मायेची खरी, पण त्या उन्हात कामाचे किरण थोडे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ते नीट पोचतात. त्वचेतला कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद ते झेलतो, मग यकृतात एकदा आणि मूत्रपिंडात दुसऱ्यांदा त्याची घडण होते, तेव्हा कुठे तो कामाला येतो. सावळ्या कातडीला ऊन जास्त वेळ लागतं, आणि आई तर अंगभर पदर घेऊन छत्रीखाली! 1919 साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेली मुलं अतिनील दिव्याखाली ठेवून बरी केली. हाडांपुरतं हे सगळं सरळ आहे. मी गुंतलो ते पुढच्या गोष्टीत.

पेशी म्हणजे जुना वाडा मानला, तर बाहेरून येणारे बहुतेक सांगावे दिंडी दरवाजातच थांबतात. वाढ, थांब, दुभंग, मर. निरोप्या बाहेरच राहतो आणि ओसरीवरून माजघरात निरोप तोंडोतोंडी जातो. या साखळीतलं एखादं प्रथिन बिघडतं, ‘रास’ नावाचं तर पुष्कळ कर्करोगांत, आणि कुणी न सांगता ते ‘वाढ, वाढ’ एवढंच घोकत राहतं. ‘ड’ मात्र दारात थांबत नाही. स्निग्धात विरघळणारं असल्यानं ते भिंतीतूनच आत शिरतं, केंद्रकात आपल्या ग्राही प्रथिनाला गाठतं आणि त्याच्यासह डीएनएवर ठरल्या जागी बसतं. कुठली जनुकं बोलतील, कुठली गप्प राहतील, ते तिथं ठरतं. नाव जीवनसत्त्वाचं, वागणूक संप्रेरकाची. 1981 साली जपानी संशोधकांनी उंदराच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना त्याचं कार्यक्षम रूप दिलं, तर त्या बेफाम पेशी वयात आल्यासारख्या होऊन भक्षक पेशींचं काम करू लागल्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मारून नाही, समजावून!

असे प्रयोग काचेच्या भांड्यातले, आणि तिथं पेशी जगवणं ही सोपी विद्या नाही. आपल्याकडे ती रुजवली कमल रणदिवे यांनी. 1917 साली पुण्यात जन्म, हुजूरपागेत शिक्षण, 1949 साली डॉक्टरेट. मग बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे, ज्यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली प्रसिद्ध ‘हीला’ कर्करोगपेशी वाढल्या. परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि कर्करोग, संप्रेरकं आणि विषाणू यांची गुंतागुंत उंदरांत तपासली. निवृत्तीनंतर आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या नगर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास केला. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. तिथं शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि माणसांत ‘ड’ काय करतं? अमेरिकेत 25,871 जणांवर पाचेक वर्षं चाचणी झाली. काहींना रोज 2,000 युनिट ‘ड’, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. 2018 साली निकाल आला: कर्करोग होण्याचं प्रमाण घटलं नाही. वाचून वाईट वाटलं. तरी या निकालाबद्दल मला आदर आहे. इतकी लाडकी आशा तराजूत घातली, वजन भरलं नाही, आणि तसंच छापलं. कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंच्या आकड्यांत घटीची एक पुसट रेघ दिसते, तिच्या मागं अजून माणसं लागलेली आहेत.

आईच्या कॅप्सूल चालू आहेत, हाडांसाठी. समोरच्या ओट्यावरच्या मावशी मात्र रोज सकाळी मशेरी लावतात. तंबाखू तोंडातल्या पेशींचा डीएनए बिघडवते, त्याला आता कुठल्याही चाचणीची वाट पाहायची नाही. तुमच्या घरात मशेरीची डबी असेल, तर ती आजच फेकून द्या.