स्वच्छतेचा वास

दिवाळी जवळ आली, की घरोघरी साफसफाईची धांदल उडते. एखादी माउली पदर खोचून न्हाणीघरात ब्लीचिंग पावडर पसरते आणि वर अ‍ॅसिड ओतते. उग्र दर्प उठतो, खोकल्याची उबळ येते. "आता कसे स्वच्छ वाटते!" ती समाधानाने म्हणते. पण तो वास स्वच्छतेचा नव्हे, क्लोरिन वायूचा! २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र गावाजवळ सैनिकांवर सोडलेला विषारी वायू तो हाच. श्वासमार्गातील ओलाव्यात त्याचे आम्ल बनते आणि फुप्फुसे आतून पोळतात. फरशी उजळते, तिचे मोल मात्र त्या माउलीचा श्वास देतो. मुलांनी वेळीच सांगावे, "आई, ही दोन्ही एकत्र नकोत, आणि खिडकी उघडी असू दे." खऱ्या स्वच्छतेला वास नसतो.