कॅप निघाली, पण दुखत नाही!

फराळाच्या दिवसांत एक फोन हमखास येतो. "डॉक्टर, ती टेम्पररी कॅप निघाली हो. पण दुखत काहीच नाहीये, तेव्हा दिवाळी झाली की येते." दोष चकलीचा की चिक्कीचा, हेही सांगितलं जातं. कॅप निघाल्याची मला फारशी काळजी नसते. काळजी वाटते ती त्या 'दुखत नाही'ची.

टेम्पररी कॅप निघू शकते, तशीच ती लावलेली असते. रूट कॅनॉल झाल्यावर दाढ चारी बाजूंनी घासून माथ्यावरून दीड-दोन मिलिमीटर उतरवतात, माप लॅबला जातं, आणि कायमची कॅप येईपर्यंत उरलेल्या खुंटावर अ‍ॅक्रिलिकची कॅप बसते. तिचं सिमेंट मुद्दाम कच्चं, कारण काही दिवसांनी ती आम्हालाच काढायची असते. बहुतेकदा ते झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं असतं; दवाखान्यात शिरताच येणारा लवंगेचा वास याच युजेनॉलचा. दाढ मुळातच बुटकी असली, झोपेत दात खायची सवय असली किंवा कॅप चावताना जराशी उंच लागत असली, की हे सिमेंट सुटतं. चिकट चिक्की फक्त शेवटचा हिसका देते.

आता दुखण्याचं. दातातली नसच काढून टाकलेली, मग गार-गरम कळणार कुणाला? हिरडी थोडी हुळहुळते, तेवढंच. पण त्या मुक्या दाताभोवती हालचाल चालू असते. समोरचा दात मोकळ्या जागेत उतरू लागतो, शेजारचे झुकतात, हिरडी खुंटाच्या कडेवर चढते. मग जुन्या मापावर बनलेली कॅप बसत नाही, आणि घासाघासी करावी लागते किंवा माप पुन्हा घ्यावं लागतं. त्यात दिवाळीत लॅबमधली माणसंही गावी गेलेली असतात.

याहून मोठी भीती तडकण्याची. रूट कॅनॉलमुळे दात 'सुकतो' आणि म्हणून ठिसूळ होतो, असा समज सर्वत्र आहे. 1989 साली रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या उपदाढांवर ताण देऊन मोजमाप केलं. नुसत्या रूट कॅनॉलच्या कामाने दाताचा ताठपणा सुमारे 5 टक्के घटला. पण दाताच्या दोन्ही कडा फोडणारी मोठी पोकळी केली तेव्हा तब्बल 63 टक्के. म्हणजे दात कमजोर होतो तो मुख्यतः किडीत आणि कोरण्यात गेलेल्या भिंतींमुळे. अशा उघड्या भिंतींवर कडक कडबोळं पडलं आणि चीर मुळापर्यंत गेली, तर दात काढण्यावाचून इलाज उरत नाही.

आणि लाळ. झाकण नसलं की ती जंतूंसकट मुळापर्यंत झिरपते. 1995 मध्ये रे आणि ट्रोप यांनी 1010 दातांचे एक्स-रे तपासले. मुळाच्या टोकाशी सगळं ठीक आहे का, याचा संबंध त्यांना मुळातल्या भरणीपेक्षा वरच्या झाकणाच्या दर्जाशी अधिक दिसला. पुढच्या अभ्यासांनी दोन्हींना सारखंच वजन दिलं. पण झाकण बिनमहत्त्वाचं असं कुणी म्हटलेलं नाही.

तेव्हा कॅप धुऊन डबीत ठेवा आणि फोन त्याच दिवशी करा. सहज बसत असेल, तर आत जरा टूथपेस्ट लावून एखादा दिवस निभावता येतं; जेवताना आणि झोपताना मात्र काढायची, नाहीतर घशात जायची. घरातला झटपट चिकटणारा ग्लू अजिबात नको. कॅप तिरकी चिकटली तर ती फोडूनच काढावी लागते, आणि ग्लूने हिरडी भाजते ती वेगळीच. गिळली गेलीच तर बहुधा शौचावाटे निघून जाते. मात्र खोकला थांबेना किंवा धाप लागली, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि कॅप अ‍ॅक्रिलिकची होती हे आवर्जून सांगा. अ‍ॅक्रिलिक साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही.

वेळेवर आलात तर काम किरकोळ असतं: जुनं सिमेंट खरवडायचं, उंची तपासायची, पुन्हा चिकटवायची. पण कॅपखालची भरणीही निघून मुळात भरलेला गटापर्चा कित्येक आठवडे लाळेत उघडा राहिला असेल, तर मी नवी कॅप लावत नाही, रूट कॅनॉल पुन्हा करायला सांगते. पेशंट चिडतात. दुखत नसताना हा दुसरा खर्च कशाला, असं विचारतात, आणि ते समजावण्यात कॅप चिकटवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.