मिलम : अर्ध्या दगडाच्या पतीवर उभे राहिलेले गाव

भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी अष्टापद ही कैलास पर्वताच्या परिसरात असल्याची श्रद्धा जैन समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या कैलासाकडे कुमाऊंतून जाणाऱ्या जुन्या वाटांपैकी एका वाटेवर भारताच्या हद्दीतील शेवटचे गाव लागते, ते मिलम. उत्तराखंडाच्या पिथौरागढ जिल्ह्यात, गोरीगंगेच्या उगमाजवळ, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेले हे गाव आज बहुतांशी पडक्या भिंतींचे आहे. एके काळी मात्र जोहार खोऱ्यातील ही सर्वांत मोठी वस्ती होती आणि तिबेटच्या व्यापारात तिच्या शब्दाला वजन होते.

येथील शौका व्यापारी उन्हाळ्यात मिलमला राहत आणि हिवाळ्यात मुन्सियारी व त्याखालच्या प्रदेशात उतरत. धान्य, गूळ आणि कापड घेऊन ते तिबेटातील ग्यानिमाच्या बाजारपेठेत जात; परतताना मीठ, लोकर, टाकणखार आणि सोन्याचे कण आणत. हा माल पुढे बागेश्वर, जौलजीबीच्या जत्रांतून मैदानात पोहोचे. लहान माल मेंढ्या-शेळ्यांच्या पाठीवरील लोकरीच्या जोडपिशव्यांत भरला जाई. वाटेत उंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी या तीन खिंडी लागत. त्यांच्यामध्ये ना गवत, ना सरपण. म्हणून तिन्ही एकाच दिवसात ओलांडाव्या लागत. उशीर झाला, हवा फिरली, तर माल आणि माणसे दोन्ही गेली.

एवढा धोका पत्करून चालणारा व्यापार उभा होता तो उधारीवर आणि विश्वासावर. प्रत्येक शौका व्यापाऱ्याचा तिबेटात ठरलेला ‘मित्र’ असे. हे नाते जोडताना एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे केले जात आणि दोघांनी एकेक तुकडा जपून ठेवायचा अशी रीत होती. पुढे कोणी प्रतिनिधी पाठवला, तरी त्याच्याजवळचा तुकडा दुसऱ्याशी बरोबर जुळला की ओळख पटे. नाते बापाकडून मुलाकडे वारशाने येई. हुंडीवर लाखोंचा व्यवहार केलेल्या पेढ्यांना या रीतीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

या पतीची प्रचिती १८१२ साली आली. मानसरोवराकडे वेष पालटून गेलेला इंग्रज प्रवासी विल्यम मूरक्रॉफ्ट अडचणीत सापडला, तेव्हा मिलमच्या एका प्रमुख घराण्याने त्याच्यासाठी हमी घेतली. त्याच गावचा नैनसिंह रावत याने पुढे व्यापाऱ्याच्याच वेषात तिबेट मोजून काढला. जपमाळ १०८ मण्यांची असते. नैनसिंहाच्या माळेत मणी शंभरच होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा, म्हणजे पूर्ण माळ दहा हजार पावलांची. मंत्र लिहिलेल्या कागदांऐवजी त्याच्या प्रार्थनाचक्रात मोजणीच्या नोंदी असत. जानेवारी १८६६ मध्ये तो ल्हासाला पोहोचला. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. साहेबांच्या नकाशांतील कित्येक रेषा मुळात या शाळामास्तराच्या पायांनी आखल्या गेल्या आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही.

१९६२ च्या भारत-चीन युद्धाने खिंडी बंद झाल्या. ग्यानिमाची वाट मिटली, पलीकडची येणी बुडाली, आणि फोडलेल्या दगडांचे तुकडे दोन्ही बाजूंना निरर्थक झाले. ज्या घरांचे सारे भांडवल ओळखीत होते, त्यांना ते दुसऱ्या बाजारात नेताच येईना. तरुण शिक्षणाकडे व सरकारी नोकऱ्यांकडे वळले. १९६७ मध्ये या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाल्याने तो मार्ग थोडा सुकर झाला. कोरीव दारांच्या घरांची छपरे हळूहळू बसत गेली.

१९९२ साली लिपुलेखमार्गे तिबेटशी व्यापार पुन्हा सुरू झाला. पण ती वाट दुसऱ्या खोऱ्यातली. मिलमच्या तिन्ही खिंडी बंदच राहिल्या. आज मुन्सियारीहून लिलम, बोगड्यार, रिलकोट, बुर्फू असे मुक्काम व गावे ओलांडत येणारे बहुतेक प्रवासी मिलमची हिमनदी पाहायला येतात आणि गाव वाटेत लागते म्हणून पाहतात. उन्हाळ्यात काही कुटुंबे अजूनही परततात, पडलेले कुंपण सावरतात, बटाटे लावतात आणि थंडी सुरू झाली की दारांना कुलपे लावून खाली उतरतात.