खोळंब्याचे मोल

पुलाच्या डागडुजीचा हिशेब मांडताना सिमेंट, लोखंड व मजुरी यांचे आकडे आपण चोख लिहितो. पण काठावर खोळंबलेल्या माणसाचा दिवस कोणत्या खात्यात घालावयाचा? इंजिनिअरांनी यावर तोड काढली आहे. वाटसरूंचा फुकट गेलेला वेळ आणि वळशाचे इंधन यांचे पैसे करून ते वाहनसंख्येने गुणावयाचे व दुरुस्ती केव्हा करावी ते ठरवावयाचे. युक्ती चांगली आहे. २०१६ साली महाडजवळ सावित्रीवरील पूल कोसळला, आणि वर्षाच्या आत नवा उभा राहिला. यात दुर्घटनेच्या हळहळीइतकाच महामार्गावरील वर्दळीचाही वाटा असावा, असे मला वाटते.

हाच गुणाकार गडचिरोलीच्या अरण्यातील भामरागडला लावून पाहा. पर्लकोटा नदीवरील तेथला जुना ठेंगणा पूल कित्येक पावसाळे पाण्याखाली जात आला. तेथे मोटारी मोजक्या. तेव्हा नुकसानही मोजकेच! वळसा घ्यावयास दुसरी वाटच नव्हती, आणि नसलेल्या वाटेला इंधन लागत नाही. अर्थशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली, पण इतके स्वस्त दुःख मी अन्यत्र पाहिले नाही. हेमलकशाचे रुग्णालय पैलतीरी कोसभर अंतरावर. अलीकडे खाटेवर अडलेली बाळंतीण. खाट हे वाहन नव्हे.